वजाबाकीतून जर्मन

माझी भाची मिरजेला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि जोडीला जर्मन शिकतेय. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी-२ पातळीचं (युरोपातल्या भाषापातळ्यांत बी-१ च्या वरची पायरी) जर्मन लागतं. बी-१ पर्यंत क्लासने तिला नीट नेलं. पुढची तिची तक्रार मात्र मला एकदम पटली. "मावशी, मला भाड्याचं घर शोधता येतं, कचरा वेगळा कसा करायचा तेही सांगता येतं. पण पेशंटला चक्कर येतेय का, हे कसं विचारायचं ते पुस्तकात कुठेच नाही."

मी पुण्यात एका सहकारी बँकेचे सर्व्हर सांभाळते. दिवसभर समोर काळं टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करून संगणक चालवायची खिडकी, असतं. त्यामुळे तिच्या तक्रारीवर माझं उत्तर तिथूनच येणार, हे तिलाही माहीत होतं. (जर्मन मीही थोडं शिकलेय, कॉलेजात असताना. त्यातलं आता व्याकरण उरलंय, शब्द गेलेत.)

बेत असा: तिच्या कामाचा जर्मन मजकूर घ्यायचा, त्यातले शब्द मोजायचे आणि तिला येणारे वगळून उरलेल्यांची यादी करायची. पहिला प्रश्न मजकूर कुठला घ्यायचा. मी औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं निवडली. ती इंटरनेटवर पीडीएफ स्वरूपात मिळतात, आणि युरोपीय संघाच्या नियमामुळे सगळ्यांचा साचा एकच असतो. औषध काय आहे, घेण्याआधी काय लक्षात ठेवायचं, कसं घ्यायचं, दुष्परिणाम, कसं साठवायचं आणि शेवटी पाकिटात काय आहे, असे सहा भाग. साचा एक असल्यामुळे तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि शिकणाऱ्याला तेच हवं असतं. शिवाय तिथली भाषा पेशंटसाठी लिहिलेली असते, डॉक्टरांसाठी नाही.

शब्द मोजायचं काम युनिक्स या संगणक प्रणालीत फार जुनं आहे. १९८६ साली एका संगणक मासिकातल्या सदरात संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी मजकुरातले सर्वाधिक वापरले जाणारे शब्द शोधणारा प्रोग्राम लिहिला. तो कित्येक पानं भरेल एवढा होता आणि सुंदर होता. त्याच सदरात त्याचं परीक्षण करताना युनिक्स घडवणाऱ्यांपैकी डग मॅकिलरॉय यांनी तेच काम सहा कमांड पाइपने जोडून, म्हणजे एकीचं उत्तर पुढचीला देत, करून दाखवलं: टीआरने शब्द सुटे करा, टीआरनेच सगळी अक्षरं लहान करा, सॉर्टने क्रमाने लावा, युनिकने सारखे शब्द एकत्र मोजा, पुन्हा सॉर्टने जास्त वेळा आलेले वर आणा, आणि सेडने वरचे हवे तेवढे घ्या. आमच्या धंद्यात हा किस्सा ठाऊक नाही असा माणूस विरळा. आणि जर्मन लोकांनी तर हे काम संगणकाच्या कितीतरी आधी केलंय. फ्रीडरिश विल्हेल्म केडिंग यांनी १८९७-९८ मध्ये जर्मनचा शब्दवारंवारता कोश काढला. लघुलिपीसाठी म्हणून एक कोटीहून जास्त शब्द माणसांकरवी हाताने मोजून घेतले होते!

पण मॅकिलरॉयची ओळ जर्मनला जशीच्या तशी लावली तर पंचाईत होते. लिनक्स या युनिक्सच्याच वळणाच्या प्रणालीवरचा टीआर बाइट (अक्षर साठवायचा संगणकातला एकेक तुकडा) बघतो, अख्खं अक्षर नाही. त्यामुळे डोक्यावर दोन टिंबं असलेली जर्मन अक्षरं आली की तो शब्दाचे तिथेच तुकडे पाडतो. मग 'फ्यूर' ('साठी') या अगदी साध्या शब्दातून एक 'एफ' आणि एक 'आर' एवढंच हाती लागतं. टीआरच्या जागी ग्रेप ही शोधायची कमांड 'ओ' (फक्त सापडलेला शब्द दाखव) पर्याय लावून वापरली आणि लोकेल, म्हणजे भाषा-अक्षरांची सेटिंग, यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या ओळखणाऱ्या पद्धतीवर ठेवलं की हे थांबतं. दुसरी पायरी, सगळी अक्षरं लहान करण्याची, मी सरळ काढून टाकली. जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होतं. ती फुकट मिळणारी खूण पुसायची कशाला? वाक्याच्या सुरुवातीला आलेला शब्द त्यामुळे वेगळा मोजला जातो; मोजला जाऊ दे.

पीडीएफमधून मजकूर काढताना आणखी एक गंमत. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द सेडने जोडून घ्यावे लागतात, नाहीतर 'नेबेनविर्कुंग', म्हणजे दुष्परिणाम, अर्धा इकडे अर्धा तिकडे. पण जर्मन माणूस "यकृत- किंवा मूत्रपिंडविकार" अशा धाटणीनेही लिहितो, मधे लोंबती रेघ ठेवून. ती रेघ नेमकी ओळीच्या शेवटी आली की माझी स्क्रिप्ट यकृताला 'किंवा' चिकटवते आणि 'लेबरओडर' नावाचा नवाच अवयव तयार करते. भाचीने तो शब्द ॲनाटॉमीच्या पुस्तकात शोधला होता.

एवढं करून जी यादी येते ती बघून निराशाच होते. वरचे सगळे शब्द 'आणि', 'किंवा', 'तुम्ही', 'असल्यास' या जातीचे. ते तिला केव्हाचे येतात. मला विचाराल तर मोजणी ही यातली कमी महत्त्वाची गोष्ट आहे. खरी करामत वजाबाकीची, आणि ती करणाऱ्या कमांडचं नाव कॉम. दोन फायली द्यायच्या, एक मजकुरातल्या शब्दांची, दुसरी येणाऱ्या शब्दांची. पहिलीत आहेत पण दुसरीत नाहीत तेवढेच शब्द तो दाखवतो. अट एकच, दोन्ही फायली एकाच लोकेलमध्ये सॉर्ट केलेल्या हव्यात, नाहीतर तो लगेच कुरकुरतो. दुसऱ्या फाइलची सुरुवात आम्ही जर्मन शिकवणाऱ्या ग्योथे इन्स्टिट्यूटच्या बी-१ शब्दयादीवरून केली, त्यात साधारण २४०० शब्द आहेत. यादीत मूळ रूपं, मजकुरात अनेकवचनं आणि विभक्त्या. म्हणून शब्द ज्या रूपात भेटेल त्याच रूपात फाइलमध्ये टाकायचा असं ठरवलं. हन्स्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामने मूळ रूप काढता येतं, पण तिने "मला दिसलेलं रूपच लक्षात राहतं" म्हटल्यावर मी तो नाद सोडला.

उरलेल्या यादीत मग सूज, पुरळ, धाप लागणं, उपाशीपोटी, जीभ असे शब्द वर येतात. दुष्परिणामांच्या भागातली क्रियाविशेषणं तर तिला आधीपासून येत होती, पण तिथे त्यांना आकडे बांधलेले असतात. 'हॉयफिश' म्हणजे जास्तीत जास्त १० पैकी १ जणाला, 'गेलेगेंटलिश' म्हणजे १०० पैकी १, 'झेल्टन' म्हणजे १००० पैकी १. क्लासमध्ये याच शब्दांनी ती सिनेमाला किती वेळा जाते ते सांगत होती.

नुसत्या शब्दांची यादी पाठवली तेव्हा तिने दोन दिवस उघडलीच नाही. "वाक्य दे ना मावशी, नुसता शब्द काय चघळू?" तेही टर्मिनलमध्ये सोपंच निघालं. प्रत्येक शब्दासाठी ग्रेपने पहिलं सापडलेलं वाक्य काढायचं, मधे टॅब, पुढे शब्द. ही फाइल अंकी हे पाठांतराच्या पत्त्यांचं ॲप थेट उचलतं, आणि भाची मिरज-सांगली बसमध्ये फोनवर पत्ते उलटत बसते. तिने टर्मिनल वापरावं असा माझा आग्रह मुळीच नाही. मी मात्र टर्मिनल उघडलं की शफ या कमांडने चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले तीन शब्द आधी दिसतील अशी सोय करून ठेवलीय. रात्रीच्या बॅकअपवर लक्ष ठेवायला बसते तेव्हा तेवढीच सोबत.

न सुटलेली गोष्ट म्हणजे तुटणारी क्रियापदं. (गोळी) घेणं म्हणजे 'आइननेमन'. त्यातला 'नेमन' वाक्यात पुढे येतो आणि त्याचा 'आइन' पार शेवटी जाऊन बसतो. मोजणीला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि 'आइन' हे 'एक' या अर्थाचं उपपदही असल्यामुळे गर्दीत हरवतं. अशी क्रियापदं मी वाचता वाचता हातानेच टिपते.

आता तिला शिफ्ट बदलताना नर्सेस एकमेकींना पेशंटची माहिती कशी देतात ते हवंय. हे छापील कुठे मिळत नाही, म्हणून जर्मन नर्सिंग शाळांच्या व्हिडिओंची आपोआप तयार झालेली सबटायटल्स उतरवून घेतलीत. त्यांत एकच ओळ सरकत सरकत पुन्हा येते, त्यामुळे आकडे फुगतात. तिथे मोजणी बंद, फक्त कॉम.