वरची कळ, खालचं पाणी

फेब्रुवारीतला दिवस. हातात दोन तक्रारी, एक पलूसची, एक जतची. सांगली जिल्ह्याची दोन टोकं. सोलरच्या सर्व्हिसला असलं की मोटरसायकलचा टायर आधी झिजतो.

पलूसला घरावर तीन किलोवॅट. दिवसाला साधारण बारा युनिट पडायला हवेत, मोबाईलवर आठ दिसत होते. वर चढलो आणि प्लेटेवरून बोट फिरवलं. बोट काळं. गळीत हंगाम, कारखाना जवळ, चिमणीतून उडालेली काजळी दवात भिजून चिकटलेली. "काका, हे पहाटे धुवायचं. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, तडकंल." काका हसले, "म्हणजे उसाचीच काजळी आमच्या विजेवर."

चहाला बसवलं. शेतावर सोलर पंप घेणार का, असं मी सवयीनं विचारलं. त्यांनी हात झटकला. कृष्णेचं पाणी लिफ्टनं, म्हणजे नदीतून उपसून येतं, मोटारी पाणी संस्थेच्या, त्या प्लेटांवर कुठल्या चालतात? विहिरीवरच्या पाच एचपीला आधीपासून कनेक्शन आहे, त्याचं बिल एप्रिल २०२४ पासून माफ. मग पंप कशाला? घरातला फ्रिज, गिझर, वर्षभराचं बिल, तिथं मात्र ७८ हजार अनुदान मिळालं म्हणून त्यांनी हिशेब मांडला आणि प्लेटा बसवल्या.

तासगाव, कवठेमहांकाळ करत जतला पोचेपर्यंत दोन वाजले. इथं घरावर सोलर बसवा म्हटलं तर माणसं तोंडाकडं बघतात. दोन बल्ब आणि एक पंखा, बिल ते किती येणार! पण शेतात प्लेटा दिसतात. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी तालुक्यात सगळीकडं पोचलेलं नाही आणि शेतीचं कनेक्शन मागून वर्षं जातात. किमतीच्या दहा टक्के भरून पाच एचपीचा सोलर पंप मिळतो म्हटल्यावर कोण सोडेल?

तक्रार होती, "पंप दुपारी बंद पडतो." कंट्रोलरवर ड्राय रनची खूण, म्हणजे पंप पाण्याविना कोरडा फिरतोय. प्लेटा स्वच्छ, व्होल्टेज बरोबर, वायर शाबूत. मालक तिशीतला, नवा पंप म्हणून भलताच काळजीत.

"तुमचं मशीनच खराब हाय."

मी सुतळी मागितली. टोकाला एक जाड नट बांधला आणि बोअरचं केसिंग आणि पाईप यांच्या फटीतून आत सोडला. सुतळी सरकत गेली, सरकतच गेली. शेवटी ओली लागली तेव्हा पंपाच्या डोक्यावर दोन हात पाणीसुद्धा नव्हतं. अर्धा तास बंद ठेवून परत सोडली, तर पाणी चांगलं वर आलेलं. बोअर जिवंत होतं, पण पंपाच्या वेगानं भरत नव्हतं.

आधी भाड्यानं जनरेटर आणायचे, म्हणून मोजून पाणी काढायचे. आता ऊन फुकट. सकाळी नवाला कळ दाबली की चारपर्यंत धो धो. बांधापलीकडं या वर्षी तिघांनी बसवलेत, तेही त्याच वेळी चालू. मी पाईपचा व्हॉल्व्ह निम्मा बंद केला, बारीक धार ठेवली आणि घड्याळ लावून बसलो. पाऊण तास पंप बंद पडला नाही.

मालक धारेकडं बघून खट्टू झाला. "एवढीच धार? मग पाच एचपी घेऊन काय केलं?"

त्याची आई डाळिंबाच्या बुडाशी बसली होती. ती म्हणाली, "त्या तिघास्नी पण सांग की. आमीच का बारीक करायचं?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझं कामही ते नव्हतं, पण परतताना एका बांधावर थांबून सांगून पाहिलं. त्यानं ऐकून घेतलं आणि "बघू की" म्हणाला. पंप चालूच होता.

रात्री तक्रार बंद करायला मोबाईलवर कारण निवडायचं होतं. प्लेट, कंट्रोलर, मोटर, वायर, चोरी. बोअरचं पाणी कुठंच नव्हतं. 'इतर' दाबून टाकलं.