डिसेंबरात टेक्सासला का, मिरजेला का नाही?

दिवाळी आटोपली की हा प्रश्न सुरू होतो. नात्यातले फोनवर विचारतात, इथे मिनीआपोलिसच्या मराठी मंडळातले फराळाच्या ताटावरून विचारतात. परवा देशी किराणा दुकानात रांगेत भेटलेल्या एका मुलीनेही विचारलं, "काकू, दोघं निवृत्त झालात, मुलं मार्गी लागली, मग हिवाळ्यात भारतात का नाही जात? कुत्रा-मांजर घेऊन त्या डब्यातून टेक्सास कशाला?" आजवर माझं उत्तर ठरलेलं होतं: "अगं, गोट्या आणि मनीला कुठे ठेवणार?" समोरची व्यक्ती हसते, विषय संपतो. मिरजेच्या, माझ्या माहेरच्या लोकांसाठी मात्र तो संपत नाही. तिथे हेच वाक्य माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरतात. म्हणून आता सविस्तर लिहिते. यापुढे कोणी विचारलं तर हेच पाठवीन.

आधी 'डबा'. तो चोवीस फुटी ट्रेलर आहे. पलंग, शेगडी, न्हाणीघर, सगळं आत, आणि ओढायला पुढे पिकअप ट्रक. ट्रेलर धावत असताना त्यात कोणीही बसत नाही, प्राणी तर नाहीच. गोट्या ट्रकच्या मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेला असतो, मनी शेजारच्या पिंजऱ्यात. वाटेतल्या डिमॉइन शहरापर्यंत ती ओरडते, मग रुसून झोपते. ट्रेलरची एक भिंत मोटरवर बाहेर सरकते आणि खोली रुंद होते. सकाळी निघताना ती भिंत आत घेण्याआधी मनी कुठे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, हा आमच्याकडचा पहिला नियम. त्या फटीत मांजर शिरलं असेल तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

मिनीआपोलिसहून इंटरस्टेट ३५ धरायचा आणि आयोवा, मिसुरी, कॅन्सस, ओक्लाहोमा करत दक्षिण टेक्सासच्या मिशन गावापर्यंत जायचं. सव्वादोन-अडीच हजार किलोमीटर. निघताना ट्रेलरच्या नळांत पाणी नसतं, न गोठणारं गुलाबी अँटिफ्रीझ असतं, नाहीतर पहिल्याच रात्री पाइप फुटतील. त्यामुळे गोठणरेषा ओलांडेपर्यंत प्यायचं पाणी कॅनमधलं आणि आंघोळीच्या नावाने ओला टॉवेल. कॅन्ससमध्ये बाजूने वारा लागला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. ऑस्टिनची कोंडी टाळायला आम्ही १३० नंबरचा टोल रस्ता घेतो. त्याच्या एका भागावर वेगमर्यादा ताशी ८५ मैल आहे, अमेरिकेतली सर्वांत जास्त. मी ६० ने जाते, कारण ट्रेलरचे टायर त्याहून फार जास्त वेगासाठी बनलेलेच नसतात. मागून येणारे हॉर्न देतात. देऊ देत.

वाचताना लक्षात आलं असेल: "मी जाते." गाडी मी चालवते. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

मिशनमध्ये जानेवारीच्या दुपारी वीस-बावीस अंश तापमान असतं. ग्रेपफ्रूटच्या बागा, 'ग्रीन जे' नावाचे हिरवे पक्षी, सकाळी सकाळी भांडणारे चाचालाका पक्षी. आमच्यासारख्यांना तिथले लोक 'विंटर टेक्सन' म्हणतात आणि प्रेमाने वागवतात, कारण आम्ही खर्च करतो. ट्रेलर लावायच्या पार्कमध्ये पाळीव प्राणीवाल्यांची रांग वेगळी असते. जास्तीत जास्त दोन प्राणी, कायम पट्ट्यावर, रेबीजचा दाखला कचेरीत दाखवायचा. लाल मुंग्या गोट्याच्या पंजांना चावतात. डास बाराही महिने, आणि त्यांच्यामुळे कुत्र्याच्या हृदयात जंत होतात, म्हणून त्यावरची हार्टवर्मची गोळी एकही महिना चुकवता येत नाही. स्वर्ग वगैरे नाही हो. २०२१ च्या फेब्रुवारीत तर थंडी आमच्या मागोमाग तिथवर आली, टेक्सासात ठिकठिकाणी वीज गेली, आणि तिथल्या किनाऱ्यावरच्या साउथ पॅड्रे बेटावर गारठलेली हजारो समुद्री कासवं लोकांनी उचलून सभागृहाच्या फरशीवर रांगेने ठेवली. तेव्हाही मिरजेहून फोन आला होता: "थंडी चुकवायला गेला होतात ना?"

आता तुमचा खरा प्रश्न. प्राण्यांना कोणाकडे तरी ठेवून या.

ठेवलं होतं. आधीचा कुत्रा होता तेव्हा आम्ही दर दोन वर्षांनी डिसेंबरात यायचो आणि त्याला बोर्डिंगमध्ये ठेवायचो. चांगली जागा होती, तक्रार नाही. पण तो जेवायचा नाही. परतल्यावर आठवडाभर माझ्याकडे पाठ करून बसायचा. यावर "कुत्राच तो" असं म्हणणारे असतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. सोबत आणा म्हणाल, तर गोट्या आहे तीस किलोचा. इथल्या बऱ्याच विमान कंपन्यांनी साध्या प्रवाशांचे मोठे कुत्रे घेणं बंदच केलं आहे. कोणी घेतला तरी भारतात उतरवायला आधी परवानगी, तीही ठराविक विमानतळांवरच. आणि परत येताना अमेरिकेच्या लेखी भारत कुत्र्यांच्या रेबीजचा जास्त धोका असलेला देश, म्हणजे वेगळे कागद, वेगळ्या अटी. हे मी पाठ म्हणून दाखवू शकते, इतक्या वेळा सांगितलं आहे.

आणि हे सगळं खरं असूनही ते उत्तर नव्हे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही असेच खाली निघालो होतो. ओक्लाहोमात गथ्रीजवळ एका कॅम्पग्राउंडवर ट्रेलर लावला. रात्री भाच्याचा फोन आला, "मावशी, आईला आयसीयूत हलवलंय. मेंदूत रक्तस्राव झालाय." ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. माझ्या वेण्या तिने घातल्या आणि माझं लग्नही तिनेच जमवलं. भाचा म्हणाला, डॉक्टर दोन दिवस सांगतात. 'ये' असं तो म्हणाला नाही. माझ्या बहिणीचाच मुलगा, असं कसं म्हणेल.

त्याच रात्री बर्फाचा पाऊस सुरू झाला. आपल्याकडच्यांना हा प्रकार समजावणं अवघड जातं. तो पडतो पाऊस म्हणूनच, पण जिथे टेकेल तिथे काच होतो. सकाळी झाडं, तारा, ट्रेलरची पायरी, सगळं काचेचं. फांद्या मोडल्याचे आवाज येत होते. थोड्या वेळाने वीज गेली. ट्रेलर गरम ठेवणारी भट्टी प्रोपेन गॅसवर चालते, पण तिचा पंखा बॅटरीवर, आणि बॅटरी रात्रीतच अर्धी झालेली. मी ट्रक सुरू करून फोन चार्जिंगला लावला आणि आत बसून तिकिटं बघत राहिले. ओक्लाहोमा सिटीचा विमानतळ एरवी तासाभराच्या आत. तिथून एखादं मोठं विमानतळ, मग दिल्ली किंवा मुंबई, मग पुणे, मग मिरजेचा रस्ता. सगळं सुरळीत झालं तर दीड दिवस.

पलीकडच्या ट्रेलरमध्ये आयोवाचा एक म्हातारा शेतकरी होता. त्याला कळल्यावर तो घसरत घसरत आला आणि म्हणाला, "तू जा. रस्ता मोकळा झाला की मी तुला विमानतळावर सोडतो. तुझ्या नवऱ्याकडे मी बघेन, कुत्र्याला फिरवेन." नवराही म्हणाला, जा. पुन्हा पुन्हा म्हणाला. गोट्या आमच्या दोघांच्या मध्ये झोपला होता, मनी माझ्या स्वेटरच्या आत.

मी गेले नाही.

दुपारी, म्हणजे तिकडच्या मध्यरात्री, भाच्याने ओळख काढून आत फोन नेला आणि ताईच्या कानाशी धरला. मला काय बोलावं ते सुचेना. म्हटलं, "ताई, लाइट गेलेत गं." म्हटलं, "मनी स्वेटरमध्ये शिरून बसलीय, तुझ्या त्या बोक्यासारखी." पलीकडून फक्त यंत्राचा आवाज. मग मी तिला आमच्या वाड्यातल्या चुलीजवळ झोपणाऱ्या मांजरांची नावं सांगत बसले. एक आठवेना, म्हणून तिलाच विचारलं. भाचा म्हणाला, "मावशी, पुरे आता, नर्स आल्यात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. तिकडे पहाट होती. तोवर इकडे बर्फ वितळायला लागला होता, रस्ते उघडले होते. सकाळी मी ट्रेलर जोडला, साखळ्या तपासल्या, ब्रेकचे दिवे तपासले आणि रेड रिव्हर ओलांडून टेक्सासात शिरले. दहाव्याला व्हिडिओ कॉल केला. कावळा शिवेना तेव्हा तिथलं कोणीतरी, फोन चालू आहे हे विसरून, म्हणालं, "शिवेल कसा? धाकटी कुत्र्यामांजरापायी आली नाही ना."

मी काही बोलले नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. गोट्याच्या नावावर ते खपून गेलं.

न बोलण्याचं कारण गोट्या नव्हता. नवऱ्याला काचबिंदू आहे. तेव्हाच त्याची बाजूची नजर गेली होती. अंधार पडला की पायरी दिसत नाही, आणि ट्रेलर ओढणं सोडाच, गावातही तो गाडी चालवत नव्हता. हे भारतात कोणाला सांगायचं नाही, असं त्याने मला बजावलं होतं. त्याचे भाऊ लगेच "आता परत या, कोण बघणार तुम्हाला" सुरू करतील, या भीतीने. मी शब्द पाळला. गेल्या वर्षी त्याने लायसन्सचं नूतनीकरणच केलं नाही, आणि परवा म्हणाला, "लिही आता, मी किती दिवस कुत्र्याच्या आड लपू?" म्हणून लिहिते आहे. काचेच्या पायरीवर, वीज नसलेल्या ट्रेलरमध्ये, धड न दिसणाऱ्या माणसाला अनोळखी शेतकऱ्याच्या भरवशावर सोडून मी विमानात बसायला हवं होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तसं स्पष्ट म्हणावं. कुत्र्याला मध्ये घेऊ नये.

इथवर लिहून मी दोन दिवस थांबले होते, कारण पुढचं लिहायचं की नाही ते ठरत नव्हतं.

ही झाली माझी वकिली, आणि वकिलीत मी कधीच कमी पडले नाही. पण त्या सकाळी ट्रकमध्ये बसलेली जी मी आहे, तिला मी ओळखते. तिकिटं बघायला लागण्याआधीच तिचं ठरलं होतं. नवऱ्याचे डोळे, बर्फ, बॅटरी, ही कारणं तिने नंतर एकेक करून गोळा केली. तो आयोवाचा म्हातारा भला माणूस होता, हे तिला दिसत होतं. नवरा त्या चोवीस फुटांत डोळे मिटूनही वावरू शकतो, हेही तिला माहीत होतं. ती का गेली नाही? तिला विचारलं की ती म्हणते, पोचले असते तेव्हा ताई नसती, आणि ताई नसलेल्या मिरजेत मी कोणाकडे उतरले असते? आई-अण्णा गेले, वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली. ताईकडे माझी एक कॉट होती, खिडकीजवळची. बाकी सगळ्या घरांत मी पाहुणी. पोहे होतात, नवा टॉवेल निघतो, चौथ्या दिवशी "परत कधी?" ट्रेलरमध्ये टॉवेल जुनाच असतो.

मी तिला म्हणते, हे तुझं आजचं शहाणपण. त्या सकाळी तू एवढा विचार केला नव्हतास. तू घाबरली होतीस. ती म्हणते, मग घाबरले तर घाबरले. आमचं हे भांडण साधारणपणे कॅन्ससमध्ये सुरू होतं, वारा लागला की.

भाच्याच्या मुलीचं लग्न जानेवारीत आहे. भाचा म्हणाला, "मावशी, गोट्यालाही आण," आणि मी त्याला रेबीजच्या अटी ऐकवायला लागले तेव्हा हसला. नवरा म्हणतो, मी मिशनलाच राहतो, आता पार्कात सगळे ओळखीचे आहेत, दोन्ही प्राणी माझ्याजवळ राहतील, तू शेजारच्या मॅकॅलनहून विमान पकड. व्यवस्था अगदी चोख आहे. मला तिचा राग येतो, कारण आता जमतंय तर गथ्रीतही जमलं असतं, असा तिचा सरळ अर्थ निघतो. नवरा तसं म्हणत नाही. तो फक्त मनीचे डबे किती लागतील ते मोजतो.

मॅकॅलनहून डॅलस आणि पुढचं तिकीट मी बघून ठेवलं आहे. काढलेलं नाही. काढलं तर तुम्हाला कळेलच, तोवर किराणा दुकानात विचारू नका.