खळ, केळीचा धागा आणि रबर

मक्याचा कोरडा स्टार्च रबरात घातला तर तो नुसती जागा अडवतो, बळ देत नाही. रबराला बळ देणारी बारीक काजळी म्हणजे कार्बन ब्लॅक; तिचे कण नॅनोमीटरमध्ये मोजतात. स्टार्चचा दाणा साधारण ५ ते २५ मायक्रॉनचा, म्हणजे हजारो नॅनोमीटरचा. रबर त्याला नीट धरत नाही आणि ताण पडला की तिथूनच फाटतं. म्हणून बडोद्यात, मकरपुऱ्याच्या आमच्या शेडमध्ये पायाखालच्या रबरी मॅटसाठी हे मिश्रण करायचं ठरलं तेव्हा मी खळीपासून सुरुवात केली.

स्टार्च भरपूर पाण्यात कालवायचा आणि ढवळत ढवळत ९० अंशांपर्यंत न्यायचा. दाणे फुगून फुटतात, खळ पारदर्शक होते. ती गार करून रबराच्या चिकात सावकाश ओतली. १०० भाग रबराला स्टार्च २० भाग. कॅल्शियम क्लोराइडच्या पातळ द्रावणाने चीक साकळला, गोळा धुतला, पिळून त्याचे पातळ पत्रे काढले.

मग वाळवणं. इथे मी कुणाचीही घाई चालू देत नाही. स्टार्च आणि धागा दोघेही हवेतलं पाणी ओढून घेतात, आणि रबर दाबून पक्कं करायच्या गरम प्रेसमध्ये १५० अंशांवर त्या पाण्याची वाफ होऊन पत्र्यात फोड येतात. पत्रे ओव्हनमध्ये ठेवून पुन्हा पुन्हा वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं, तरच पुढे जायचं.

धागा केळीच्या खुंटाचा घेतला. घड उतरवल्यावर खुंट शेतात पडून राहतो आणि गुजरातेत केळी काही कमी नाही. कॉस्टिक सोड्याच्या ५ टक्के द्रावणात भिजवल्यावर त्याच्यावरचं मेण आणि हेमिसेल्युलोज निघून जातं, पृष्ठभाग खरखरीत होतो, मग रबराला पकड मिळते. लिटमस बदलेनासा होईपर्यंत धुतला, वाळवला आणि ६ मिलिमीटरचे तुकडे केले.

मिलवर, म्हणजे रबर मळायच्या दोन रोलच्या यंत्रावर, झिंक ऑक्साइड आणि स्टिअरिक अॅसिड आधी, मग धागा. मिल चालवणारे काका म्हणाले, "ताई, चिमूट चिमूट सोडा. गुंता आत गेला की सुटत नाही." त्यांच्या हाताला हे अचूक कळतं. रोलखाली धागा तुटतोही, म्हणून तो गेल्यावर उगाच फेरे वाढवले नाहीत. रबर पक्कं करणारं गंधक आणि त्याचा वेग वाढवणारा अॅक्सिलरेटर शेवटी, नाहीतर माल मिलवरच करपतो, म्हणजे वेळेआधीच पक्का होतो. शेवटचे फेरे एकाच दिशेने दिले, त्यामुळे धागे त्याच दिशेने लागतात. नमुने दोन्ही दिशांनी कापून ताणले: धाग्यांच्या दिशेने पत्रा बळकट, आडव्या दिशेने कमी. कडकपणा वाढला, लांबण्याची क्षमता घटली. मॅटला ते चालतं. यंत्रातलं तेल गळू न देणाऱ्या रबरी कडीला, ऑइल सीलला, मी हे मिश्रण कधीच देणार नाही.

पाण्यात ठेवलेला तुकडा मात्र फुगतो. म्हणून ही मॅट आम्ही दुकानाच्या काउंटरमागे उभं राहण्यासाठी देतो, मोरीजवळ घालायला नाही, आणि गिऱ्हाइकाला ते घेतानाच सांगतो.