मुंबई बघायला येताय? मग आधी रेल्वेचा नकाशा उघडा

डिसेंबरच्या सुट्ट्या जवळ आल्या की नातेवाइकांचे फोन सुरू होतात, दोन-तीन दिवस येतोय, काय काय बघून होईल? पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर यादी. गेटवे, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू, एलिफंटा, नॅशनल पार्क, मरीन ड्राइव्ह आणि शेवटी एखाद्या हिरोचा बंगला. सगळं एका दमात, तेही गाडी करून. अहो, गाडी करून हे सगळं फिरलात तर मुंबईतले सिग्नल तेवढे नीट बघून होतील. त्या 'मुंबई दर्शन' बसचंही तेच, दहा मिनिटं खाली उतरा, फोटो काढा, परत बसा, आणि अर्धी ठिकाणं तर खिडकीतूनच, "डावीकडे बघा, डावीकडे बघा".

दरवेळी फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच इथे लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी सरळ लिंक पाठवीन.

माझं म्हणणं एवढंच की एका दिवसात मुंबईची एकच बाजू धरायची. हे शहर उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरलंय, एका कडेने वेस्टर्न लाइन, मधून सेंट्रल, पलीकडून हार्बर, आणि आता मेट्रोही आहेत, पण पाहुण्यांना खरा उपयोग अजूनही लोकलचाच. सकाळी सगळी गर्दी चर्चगेट-व्हीटीकडे धावते, संध्याकाळी तीच उलटी फिरते. तुम्हाला कुठे मस्टर गाठायचंय? सकाळी सातच्या आत निघा नाहीतर अकरानंतर, आणि संध्याकाळी पाच ते साडेआठमध्ये बॅगा आणि पोरं घेऊन लोकलमध्ये चढायचा विचारसुद्धा करू नका, त्यापेक्षा समुद्रावर बसून राहा. हॉटेल शक्यतो दादरच्या आसपास बघा कारण तिथे वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही मिळतात आणि बाहेरगावच्या बऱ्याच गाड्याही थांबतात. फोर्टात, म्हणजे दक्षिण मुंबईच्या जुन्या भागात, राहणं छान असतं पण खिशाला चाट बसते.

एक दिवस फक्त फोर्टसाठी ठेवा आणि तो पायी करा, टॅक्सी अजिबात नको. सुरुवात व्हीटीपासून. नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस झालं तरी आमच्या तोंडी व्हीटीच बसलंय. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी इथल्याच बोरीबंदरहून ठाण्याला गेली, आणि आत्ताची इमारत १८७८ ते १८८८ या काळात बांधली, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने. रोज लाखो लोक इथून जातात पण मान वर करून कोण बघतंय, सगळ्यांचे डोळे इंडिकेटरवर. तुम्ही पाहुणे आहात, तुम्ही बघा. रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावर उभे राहा (तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची), तिथून घुमट नीट दिसतो. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ आहे, सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे आपण. भिंतीवर दगडात मोर, माकडं, पानं, चेहरे, काय काय कोरलंय आणि त्यातलं बरंचसं काम जे.जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना प्राणी मोजायला लावा, अर्धा तास तुम्ही मोकळे.

तिथून हुतात्मा चौक, मग हॉर्निमन सर्कल, एशियाटिकच्या पायऱ्यांवर थोडं टेकायचं (१८३३ सालची इमारत आहे ती), मग काळा घोडा आणि वस्तुसंग्रहालय. म्युझियमसाठी निदान दोन तास द्या. इमारतीचा दगडही बघण्यासारखा आहे, करडा कुर्ल्याचा आणि पिवळट मालाडचा, म्हणजे आज जिथे नुसते टॉवर दिसतात तिथे एकेकाळी खाणी होत्या.

पण मला विचाराल तर फोर्टातली सगळ्यात भारी जागा म्हणजे ओव्हल मैदान. तिकीट नाही, रांग नाही, मधोमध जाऊन उभं राहायचं. पूर्वेकडे तोंड केलंत की हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, सगळं टोकदार कमानींचं एकोणिसावं शतक. तिथेच गर्रकन मागे वळलात की आर्ट डेको इमारतींची रांग, गोल गोल कोपऱ्यांच्या बाल्कन्या, खिडक्यांवर दगडी भुवया असाव्यात तशा छज्जांच्या पट्ट्या, १९३० च्या दशकातली एकदम मॉडर्न मुंबई. मधे समुद्र हटवून जमीन केली म्हणून ही दुसरी बाजू उभी राहिली. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा जाहीर केला, तरी पाहुण्यांच्या यादीत ओव्हल कधी नसतं. मैदानात पोरांच्या एकाच वेळी दहा-बारा मॅचेस चालू असतात, चेंडू सांभाळा म्हणजे झालं. तिथून मरीन ड्राइव्ह पायी दहा-पंधरा मिनिटांवर, सूर्यास्ताच्या आधी पोचा.

गेटवेचं काय? बघा की, पण फक्त गेटवेसाठी म्हणून जाऊ नका. एलिफंटाची बोट तिथूनच सुटते, तेव्हा ते आपोआप होतं. सकाळची पहिली-दुसरी बोट पकडा, तासाभरात घारापुरी, म्हणजेच एलिफंटाचं बेट. सोमवारी लेणी बंद असतात, हे इतक्यांदा सांगूनही दरवर्षी कोणीतरी सोमवारीच जातं. जेट्टीवरून छोटी ट्रेन आहे, पुढे शंभरावर पायऱ्या आणि दोन्ही बाजूंनी दुकानं, आजी-आजोबा असतील तर सावकाश. माकडांपासून हातातलं खाणं लपवा. आत त्रिमूर्तीसमोर लोक सेल्फी काढतात आणि निघतात, तसं करू नका. जरा थांबून अंधाराला डोळे सरावू द्या. मधला चेहरा शांत मिटल्या डोळ्यांचा, तुमच्या डाव्या हाताचा मिशीवाला उग्र आणि त्याच्या हाताशी नाग, उजवीकडचा नाजूक, हातात कमळ. तिन्ही एकाच दगडातले. बाकीच्या पॅनलमध्ये पाय, हात बरेच फुटलेले आहेत, तरी अर्धनारीनटेश्वर आणि गंगाधर चुकवू नका. आणि ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी एलिफंटा हे नाव पाडलं तो बेटावर नाहीच्चे, तो भायखळ्याला राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. इंग्रज तो उचलून न्यायला निघाले होते, उचलतानाच तुटला, पुढे जोडून इथे ठेवला. (तिकडे बुधवारी सुट्टी असते.)

आता माझी आवडती जागा. कान्हेरी. लोक नॅशनल पार्कला जातात ते वाघ-सिंहांच्या सफारीसाठी, आणि लेणी "वेळ उरला तर". उलटं करा. बोरिवली स्टेशनहून पार्कचं गेट अगदी जवळ, आतून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर, बस मिळते, सायकलीही भाड्याने मिळतात पण शेवटचा चढ दम काढतो. शंभरच्या वर लेणी आहेत, साधारण इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं इथे भिक्खूंची वस्ती होती. तीन नंबरचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, सगळे बघतात, व्हरांड्यात दोन्ही टोकांना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती आहेत, तेही बघाच. पण बहुतेक जण तिथूनच खाली उतरतात आणि खरी मजा तर वरच आहे.

वर चढत गेलात की लक्षात येतं ते पाण्याचं काम. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी कातळात खोदलेलं टाकं, ज्याला शिलालेखात पोढी म्हटलंय, आणि डोंगराच्या अंगावरून येणारं पावसाचं पाणी बरोब्बर त्यात पडावं म्हणून खणलेले बारीक बारीक पाट. बोट घालून बघा, पाट अजून गुळगुळीत लागतात. खोल्यांमध्ये झोपायचे दगडी ओटे, बाहेर बसायचे कट्टे, दाराच्या चौकटीला खुंटीसाठी भोकं. राजेमहाराजांची स्मारकं बघून कंटाळा येतो मला, इथे माणसं राहत होती हे कळतं. नव्वद नंबरच्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ चे, पारशी पाहुणे येऊन आपली नावं कोरून गेले. म्हणजे भिंतीवर नाव लिहायची खोड हजार वर्षं जुनी आहे, पण तुम्ही कृपा करून त्यात भर घालू नका. पाणी सोबत घ्या, वर दुकान नाही. सोमवारी पार्कच बंद.

म्हणून सोमवार आला तर तो फोर्टला द्या. एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी निम्मा घोळ मिटतो.

एखादा दिवस जास्तीचा असेल तर शहराबाहेर पडा. माथेरान, अलिबाग सगळ्यांना माहीत असतं, मी नव्याने काय सांगू, फक्त शनिवार-रविवारी जाऊ नका. त्याऐवजी वसईचा किल्ला. वसई रोडला उतरून बस किंवा रिक्षा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून घेतला तो हाच, शाळेत परीक्षेपुरतं वाचलेलं असतं. आत मोडक्या चर्चेसच्या भिंती, वर छप्पर नाही, आभाळ दिसतं, फ्रान्सिस्कन चर्चमध्ये तर अख्खी जमीन थडग्यांच्या फरशांची, त्यावर पोर्तुगीज अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं, आपण चालतो ते चक्क नावांवरून. पलीकडे चिमाजी अप्पांचा पुतळा. एक मात्र आहे, किल्ला मोठा आणि झाडीत, पाट्या जेमतेम, त्यामुळे उजेड असताना फिरून घ्या. प्री-वेडिंगवाले जोडीदार दर कोपऱ्यावर भेटतील, त्यांच्या फ्रेममधून बाजूला व्हायची सवय ठेवा.

सेंट्रलवाल्यांसाठी अंबरनाथचं शिवमंदिर. मी डोंबिवलीकर असल्यामुळे थोडा पक्षपात होणारच. इसवी सन १०६० चं शिलाहारकालीन मंदिर, काळ्या दगडात, बाहेरच्या भिंतीवर हातभर जागा मोकळी नाही इतक्या मूर्ती. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, उन्हाळ्यातसुद्धा आत गार. आजूबाजूला कारखाने आणि चाळी, बाजूने वालधुनीचं काळं पाणी, त्याचं वाईट वाटतं, पण देऊळ बघितलं की माणूस गप्प होतो. महाशिवरात्रीला जत्रा असते, तेव्हा देऊळ दिसत नाही, डोकी दिसतात. गोंदेश्वर वगैरे बघायला सिन्नरपर्यंत जाणारे लोक स्टेशनपासून जेमतेम दोन किलोमीटरवरचं हे सोडतात, हे मला अजून कळलेलं नाही.

फ्लेमिंगो बघायचे असतील तर हिवाळ्यापासून मेपर्यंत ऐरोलीहून वनखात्याची बोट जाते ठाणे खाडीत. वेळ भरती-ओहोटीप्रमाणे ठरते म्हणून बुकिंग आधी ऑनलाइन करून ठेवा, ऐनवेळी गेलात तर जागा मिळायची नाही. दुर्बीण असेल तर आणा.

काय सोडायचं तेही विचारतात लोक. हिरोंचे बंगले सोडा, बंद फाटक आणि वॉचमन दिसतो. जुहूही सोडलंत तरी चालेल, गिरगाव चौपाटी तुम्हाला वाटेत लागतेच. हाजी अली आणि सिद्धिविनायक श्रद्धा असेल तर जरूर, पण सिद्धिविनायक मंगळवारी नको, रांग बघून देवही म्हणेल उद्या या.

पावसाळ्यात येणार असाल तर हे सगळं गणित बदलतं. एलिफंटाच्या बोटी समुद्र खवळला की बंद, गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याच्या लाँच पावसाळाभर बंद, पण कान्हेरी तेव्हाच सगळ्यात सुंदर, ते पाट वाहताना दिसतात. चप्पल मात्र ग्रिपवाली घाला, शेवाळावरून माणसं घसरतात.

आणि रविवारी कुठेही निघायच्या आधी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद, कुठे आहे ते बघा. रेल्वे आदल्या दिवशी जाहीर करते, पेपरात येतं, अॅपवरही येतं. सेंट्रलवर ब्लॉक असेल तर अंबरनाथचा बेत शनिवारी उरका आणि रविवारी वेस्टर्न धरा, तिकडेही ब्लॉक असेल तर मला फोन करा, तोवर जेवायला डोंबिवलीला या.