तुम्ही विचारलंत म्हणून : कोणी वापरतच नव्हतं, तर काढलंस कशाला?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच सविस्तर उत्तर लिहून ठेवतो. प्रश्न असा: "बूटलोडरमधलं जे फंक्शन कोणी कॉलच करत नव्हतं, ते काढायला तू दोन दिवस घालवलेस. ते कुणाचं काय बिघडवत होतं? आणि त्यात चूक सापडलीच होती, तर दुरुस्त करायचं सोडून उडवलंस का?"

पहिली दुरुस्ती माझ्याकडूनच. ते फंक्शन कोणी वापरत नव्हतं हे अगदी खरं नाही. एकाने वापरलं होतं, दुपारभर. तो मी.

काम साधं होतं. यू-बूट या मुक्त-स्रोत बूटलोडरवरून काढलेली एका बोर्डाची शाखा, म्हणजे त्या बोर्डापुरती वेगळी प्रत, मी सांभाळत होतो. बोर्डावरच्या ईईप्रॉममधून (वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या छोट्या मेमरी चिपमधून) मॅक ॲड्रेस, म्हणजे बोर्डाची नेटवर्कवरची ओळख, वाचायचा, आणि ईईप्रॉम नसेल तर ठरलेला डिफॉल्ट घ्यायचा. बूटलोडर हा प्रोसेसर जागा झाल्यावर ऑपरेटिंग सिस्टीम येईपर्यंतचा कारभारी. कोणत्या पत्त्यावर कोणतं हार्डवेअर आहे ते त्याला डिव्हाइस ट्री सांगतो, त्यावरून तो एकेका प्रकारच्या डिव्हाइसांच्या याद्या बनवतो, आणि पुढे ज्याला जे हवं ते त्या यादीत शोधलं जातं. नावाने, क्रमांकाने, ट्रीमधल्या नोडवरून. शोधायची फंक्शन्स डझनावारी आहेत. हेडरमध्ये, म्हणजे फंक्शन्सची नावं जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये, मला नावाने शोधून देणारं एक दिसलं. नाव नेमकं मला हवं तसं. उचललं, वापरलं.

ईईप्रॉम असलेल्या बोर्डावर सगळं सुरळीत. नसलेल्या बोर्डावर कन्सोल डीरॅमची, म्हणजे मुख्य मेमरीची, ओळ छापायचा आणि गप्प. मला अपेक्षा होती उणे 19 ची. बूटलोडरवाल्यांना हा आकडा घरच्या कुलुपासारखा पाठ असतो: ईनोडेव्ह, म्हणजे असं डिव्हाइस नाही. इथे परत येत होता शून्य, म्हणजे सापडलं! जे बोर्डावर लावलेलंच नाही ते सापडलं. मिळालेल्या डिव्हाइसचं नाव छापून पाहिलं तर दोन विचित्र अक्षरं आणि पुढे काही नाही.

आत पाहिलं तर लूप यादीवरून फिरत होता, नाव जुळलं की ब्रेक. लूप संपल्यावर तपासणी होती की पॉइंटर, म्हणजे डिव्हाइसचा पत्ता धरणारा चल, नल (रिकामा) असेल तर उणे 19 परत कर. वाचायला अगदी बरोबर. पण ही यादी सी मधली ती गोल यादी आहे, जी लिनक्स कर्नलमधून सगळीकडे गेली. तिला शेवट नसतो. फिरत फिरत पुन्हा डोक्याशी, म्हणजे यादीच्या सुरुवातीच्या खुणेशी, पोचलो की लूप थांबतो. त्या क्षणी पॉइंटर नल नसतो. यादीच्या डोक्याचा पत्ता घेऊन, तिथे एक डिव्हाइस आहे असं समजून काढलेला तो एक खोटा पत्ता असतो. म्हणजे "सापडलं नाही" ही फांदी कधीच चालणार नव्हती. लिहिणाऱ्याला हसू नका. याच जातीच्या चुकांवरून 2022 मध्ये कर्नलवाल्यांत मोठी चर्चा झाली, आणि लूपचा पॉइंटर लूपच्या आतच जाहीर करता यावा हे एक कारण धरून 5.18 आवृत्तीपासून कर्नल सी च्या 2011 च्या मानकावर गेला.

आता "दुरुस्त का नाही?" एक ओळ पुरली असती, असं मलाही वाटलं. मग दुसरी गोष्ट दिसली. यू-बूटमध्ये एक रिवाज आहे: नावात "फाइंड" असेल तर डिव्हाइस नुसतं शोधून द्यायचं, "गेट" असेल तर शोधून प्रोबही करायचं, म्हणजे चालू करून हातात द्यायचं. या फंक्शनचं नाव "गेट", पोटात मात्र नुसता "फाइंड". मग चूक कुठली, नावाची की पोटाची? प्रोब घालू की नाव बदलू? एरवी याचं उत्तर कॉल करणारा कोड देतो: त्याला काय हवंय ते बघायचं आणि तसं करायचं. इथे कॉल करणारं कोणीच नाही, टेस्ट नाही. मी जे काही केलं असतं ती दुरुस्ती नसती, माझा अंदाज असता, आणि तो पुन्हा कोणी न चालवलेलाच राहिला असता. शिवाय मला हवं होतं ते काम करणारं, टेस्ट असलेलं फंक्शन त्याच फाइलमध्ये चाळीस ओळी खाली होतं. मी आधी तिथवर स्क्रोल केलं नव्हतं, एवढंच.

"राहू दे की, जागा थोडीच खातंय" म्हणणाऱ्यांचं गणित बरोबर आहे. प्रत्येक फंक्शन वेगळ्या सेक्शनमध्ये कंपाइल होतं आणि ज्याला कोणी हात लावत नाही ते लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम, गाळून टाकतो. बूटलोडरचा पहिला टप्पा चिपच्या आतल्या इवल्याशा रॅममध्ये बसवायचा असतो, काही जुन्या चिपांवर तो 32 किलोबाइटांच्या आत लागतो, तेव्हा ही गाळणी लागतेच. थोडक्यात, ते बायनरीत, म्हणजे बोर्डावर जाणाऱ्या तयार प्रोग्राममध्ये, नव्हतंच. ते होतं फक्त हेडरमध्ये, वर छान कॉमेंट लावून, माझ्यासारख्याची वाट बघत.

दोन दिवस गेले ते खरोखर कोणी वापरत नाही हे पटवून घेण्यात. स्टॅटिक, म्हणजे एकाच फाइलपुरतं, फंक्शन असतं तर कंपाइलरनेच कुरकुर केली असती. हे बाहेर उघडं असल्यामुळे त्याची बोलायची सोय नव्हती. ग्रेप करून, म्हणजे सगळ्या कोडात नाव शोधून, भागत नाही. मॅक्रो, म्हणजे कंपाइल होण्याआधी कोड भरून देणारा साचा, दोन तुकडे जोडून नाव बनवत असेल तर ग्रेपला ते दिसत नाही. ड्रायव्हरांची तर आणखी गंमत: त्यांची प्रोब फंक्शन्स कोणीच नावाने कॉल करत नाही, लिंकर त्यांची एक यादी बांधतो आणि ती तिथून चालतात. नुसत्या ग्रेपवर विसंबून "वापरात नाही" म्हणणारा माणूस एक दिवस चालता ड्रायव्हर उडवतो. मूळ यू-बूटमध्ये बोर्डांची कॉन्फिग हजाराच्या वर आहेत. आमच्या शाखेत थोडीच होती, म्हणून फंक्शन काढून ती सगळी बिल्ड केली. एकही फुटलं नाही. सँडबॉक्समध्ये, म्हणजे बूटलोडर साध्या लिनक्स प्रोग्रामसारखा चालवून, टेस्टही घेतल्या.

मग उत्सुकता म्हणून गिटमध्ये, म्हणजे कोडातल्या बदलांच्या नोंदवहीत, मागे गेलो. जन्मकथा नेहमीचीच निघाली. मूळ मालिकेत दोन पॅच, म्हणजे तपासायला पाठवलेले बदल, होते, एकात हे फंक्शन, दुसऱ्यात ते वापरणारा ड्रायव्हर. रिव्ह्यूमध्ये ड्रायव्हर अडकला आणि कायमचा राहिला. फंक्शन "निरुपद्रवी" म्हणून आत आलं.

माझ्या पॅचवरही एकाने लिहिलं, "पुढे लागलं तर?" लागलं तर गिटमध्ये आहे, पण माझी विनंती की तिथून उचलू नका, ज्याला लागेल त्याने आपली गरज समोर ठेवून नवं लिहावं, कॉल करणाऱ्या कोडसकट.

दुसऱ्याने मात्र मला बरोबर पकडलं. फंक्शन काढलं होतं, कॉमेंटसकट त्याचं हेडरमधलं डिक्लरेशन तसंच ठेवलं होतं. कोणी कॉल करेपर्यंत कंपाइलरला त्याचं काही वाटत नाही, म्हणून सगळी बिल्ड हिरवी. ज्या ओळीने मला फसवलं होतं, नेमकी तीच मी मागे ठेवली होती. पॅचची दुसरी आवृत्ती त्याच संध्याकाळी पाठवली.