तुम्ही विचारलंत म्हणून: वाड्यातून आवाज येतो का?

नाही, मी ऐकलेला नाही. आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवं असतं त्यांची सोय होते.

कसबा पेठेत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही. ‘शनिवारवाड्यातून पौर्णिमेच्या रात्री “काका, मला वाचवा” असं ओरडणं ऐकू येतं म्हणतात, खरं का गं?’ पूर्वी हे मुंबईचे पाहुणे विचारायचे, तेही जेवणं झाल्यावर, बडीशेप चघळत. आता ऑक्टोबर लागला की ऑफिसातली मुलं विचारतात. बाणेर-बालेवाडीच्या सोसायट्यांमधून हॅलोविन चांगलंच रुजलंय. प्लॅस्टिकचे भोपळे आणि दारोदार चॉकलेटं मागणारी चिल्लीपिल्ली चेटकिणी. मोठ्यांना मग काहीतरी ‘ऑथेंटिक’ हवं असतं. ‘ताई, तुम्ही तिकडच्याच ना? एकतीस तारखेला रात्री बाराला घेऊन जाल का आम्हाला वाड्यात?’

रात्री बाराला वाड्यात कुणालाच जाता येत नाही. तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. संध्याकाळी रखवालदार शिट्ट्या मारत गवतावरची जोडपी उठवतो आणि दिल्ली दरवाजाची दिंडी बंद होते. त्यामुळे ‘आम्ही रात्री आत थांबलो होतो आणि...’ अशी सुरुवात झाली की पुढचं करमणूक म्हणून ऐकावं. बाहेर उभं राहून ऐकायचं म्हटलं तर शिवाजी रस्त्यावरच्या पीएमपीच्या बसगाड्या, दुचाक्या, आणि नदीकाठची कुत्री. ती कुत्री मात्र खरोखर अंगावर काटा येईल अशी रडतात.

आता पौर्णिमेचं बघू. कुणी पौर्णिमा सांगतं, कुणी अमावास्या. ज्यांची ती हाक म्हणतात, त्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी, आणि तिथी होती भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. म्हणजे धड पौर्णिमाही नाही आणि अमावास्या तर नाहीच नाही. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, ऐन गणेशोत्सवात. भुताला आपली तिथी पाळायची असती, तर त्याने विसर्जनाच्या आदल्या रात्री ओरडायला हवं. त्या रात्री कसब्यात शेजारच्या खोलीतून मारलेली हाक ऐकू येत नाही, तिथे अडीचशे वर्षांपूर्वीची कुठून येणार?

आणि रात्र तरी कुठली? खून झाला भरदुपारी, एकच्या सुमाराला. ही गोष्ट सांगितली की मंडळींचा चेहरा पडतो. मला मात्र तिथूनच भीती वाटायला लागते.

नारायणराव तेव्हा अठरा वर्षांचे. थोरले भाऊ माधवराव थेऊरला क्षयाने गेले, त्याला वर्षही झालं नव्हतं. काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, त्याच वाड्यात नजरकैदेत. काहीतरी शिजतंय याचा वास पेशव्यांना त्या दिवशी सकाळीच लागला होता, आणि त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं होतं. हरिपंत जेवायला गेले. जेवून मग बघू, असा तो बंदोबस्त. पुण्यात आजही बरीच कामं याच कारणाने दुपारनंतरवर जातात, म्हणून हा तपशील मला इतर सगळ्यांपेक्षा जास्त खरा वाटतो.

तेवढ्यात गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, वाड्यात शिरले. थकलेल्या पगाराची ओरड करत आले, म्हणून कुणाला लगेच काही वेगळं वाटलं नाही; पगारासाठी दंगा तेव्हा नवा नव्हता. पुढे सुमेरसिंग गारदी. नारायणराव उठून पळाले ते पार्वतीबाईंकडे, म्हणजे पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नीकडे. तिथून काकांकडे. काकांच्या कमरेला त्यांनी मिठी मारली. तुळाजी पवार नावाच्या खिदमतगाराने पायाला धरून ओढलं. चाफाजी टिळेकर हा त्यांचा सेवक अंगावर आडवा पडला, त्याच्यासकट तोडलं. कुणबिणी, म्हणजे वाड्यातल्या दासी, मध्ये पडल्या, त्याही गेल्या. पेशव्यांच्या घरात, पेशव्यांच्या गणपतीच्या दिवसांत, पानं उचलून झाल्याच्या वेळेला हे सगळं अर्ध्या तासात उरकलं. रात्री प्रेताचे तुकडे ज्या दरवाजाने बाहेर नेले म्हणतात, त्याला पुढे नारायण दरवाजा हेच नाव पडलं. तो अजून आहे, आणि भुतं बघायला आलेल्यांपैकी फारच थोडे तिथवर जातात.

‘ध’चा ‘मा’ तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. ‘धरावे’चं ‘मारावे’ राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंनी केलं की आणखी कुणी, की असं काही झालंच नाही, यावर मी इथे वाद घालत नाही. इतकंच म्हणते, की सगळा दोष एका बाईच्या बोरूवर ढकलला की पंगतीतल्या बाकीच्या पुरुषांची फार सोय होते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी काही तशी सोय केली नाही. त्यांनी थेट राघोबादादांना दोषी धरलं, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं.

तर घटना ही अशी. आता ती जागा.

दिंडीतून वाकून आत गेलात, नगारखान्याखालचा अंधार ओलांडलात की समोर काय दिसतं? हिरवळ. आणि दगडी जोती. कमरेएवढी, गुडघ्याएवढी, काही नुसतीच रेघेएवढी. १८२८च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली आणि ती काही दिवस धुमसत राहिली. पेशवाई १८१८लाच संपली होती, इंग्रजांनी वाडा तुरुंग आणि इस्पितळासाठी वापरला होता. आगीत लाकडाचं होतं ते सगळं गेलं. सागवानी खांब, माड्या, दिवाणखाने, आरसेमहाल, सगळं. उरली तटबंदी, दरवाजे आणि पाया. नारायणराव ज्या खोलीतून ज्या खोलीत पळाले, त्यातली एकही खोली उभी नाही. पाट्या लावल्यात, पण ‘इथे अमुक महाल होता’ असं वाचून समोर बघावं तर शाळेची सहल डबे उघडून बसलेली असते. आमच्याकडच्या भुताला पळायला ना जिना राहिलाय ना दालन. भुतांच्या गोष्टी सांगणारे हे कधी सांगत नाहीत, कारण त्यांच्या गोष्टीत वाडा अजून जळायचाच आहे. लांब बोळ, करकरणारी दारं, पणत्या वगैरे.

आता खरी गंमत. तुम्हाला ऑक्टोबर अखेरचंच काही हवं असेल ना, तर शनिवारवाड्याने तेही करून ठेवलंय; फक्त तुम्ही चुकीच्या पेशव्याला शोधताय.

नारायणरावांची पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होती. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर मुलगा झाला आणि बारभाईंनी, म्हणजे राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, त्याला चिमुकल्या वयातच गादीवर बसवलं. सवाई माधवराव. ज्या वाड्यात बापाला मारलं, त्याच वाड्यात नाना फडणवीसांच्या कडक नजरेखाली हा मुलगा वाढला. ते सोळा पाकळ्यांचं हजारी कारंजं आहे ना, ज्याच्यासमोर सगळे फोटो काढतात, ते त्याच्या करमणुकीसाठी केलेलं, असं सांगतात. २५ ऑक्टोबर १७९५ला तो वाड्याच्या माडीवरून खाली कारंज्यावर पडला, आणि २७ तारखेला गेला. वय एकवीस. तापाच्या भरात तोल गेला की त्याने उडी टाकली, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. दिवस कोजागिरीचे. म्हणजे बघा: वाडा तोच, मृत्यू गूढ, तारीख हॅलोविनच्या आठवड्यातली आणि आभाळात जवळजवळ पुरा चंद्र. एखाद्या भुताला याहून काय जास्त लागतं? आणि त्याची गोष्ट? शून्य. सवाई माधवरावांचा आवाज आला असं आजवर कुणी मला सांगितलेलं नाही.

यावर मी पुष्कळ विचार केलाय. माझं मत असं, की भूत व्हायला नुसतं अकाली मरून भागत नाही. मरताना बोललेलं एक वाक्य मागे राहावं लागतं. ‘काका, मला वाचवा’मध्ये सगळं आहे. कोण, कुणाला, काय मागतोय, आणि ते मिळालं नाही. लहान मुलालाही कळतं. घरातल्या मोठ्या माणसाने ऐन वेळी पाठ फिरवली, ही गोष्ट मराठी घरांना काही परकी नाही. भाऊबंदकी, वाटण्या, सातबाऱ्यावरची नावं. म्हणून ती हाक टिकली. सवाई माधवराव काही बोलून गेल्याचं लोकांपर्यंत पोचलंच नाही. आणि त्या कुणबिणींची तर नावंही आपल्याला पाठ नाहीत, मग त्यांचा आवाज कोण ऐकणार? मरणात मानाचं पान असतं तसं भूतपणातही असतंच.

आपल्याकडे मेलेल्यांना जागा नाही असं नाही. उलट पुण्यात त्यांचे पत्ते आहेत. पेठेत मुंजाबाचा बोळ आहे, आणि तिथून लोक खुशाल भाजी घेऊन जातात. वेताळ, म्हणजे भुतांचा राजाच की, त्याचं देऊळ टेकडीवर आहे आणि अख्खी टेकडी त्याच्या नावावर. तिथे रविवारी सकाळी निवृत्त मंडळी स्पोर्ट्स शूज घालून जातात, वेताळबाबाला हात जोडतात आणि रक्तातल्या साखरेवर बोलत उतरतात. पितरांसाठी पंधरवडा आहे. नारायणराव गेले त्यानंतर दोन-तीन दिवसांतच तो सुरू होणार होता. ज्याला आपण जेवायला वाढतो, त्याची भीती फार वेळ टिकत नाही. वसईला आणि गोव्यात २ नोव्हेंबरला लोक सिमेट्रीत जाऊन आपल्या माणसांच्या कबरी फुलांनी सजवतात, मेणबत्त्या लावतात. हॅलोविन खरं तर याच कुळातलं; १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची ती आदली रात्र. सोसायटीपर्यंत येताना त्यातले संत आणि मृत गळले, भोपळा तेवढा पोचला.

तरी तुम्ही येणार असाल तर मी नेते. अट एकच: दुपारी यायचं. साडेबाराला दिल्ली दरवाजापाशी भेटू. आधी दारावरचे खिळे बघायचे, हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेले. हात लावा, उन्हात चटका बसतो. मग आत. एक वाजता मी जोत्यांवरून तुम्हाला नारायणरावांचा रस्ता साधारण दाखवीन. नक्की दालनं सांगण्याचा आव आणणार नाही. अंतरं बघा. एवढ्याशा अंतरात पेशव्यांच्या वाड्यात पेशव्यांना कुणी वाचवू शकलं नाही, हे पायांना कळतं. नंतर कारंज्याकडे, सवाई माधवरावांसाठी. मग तटावरून फिरून नारायण दरवाजा.

मग वाड्यातून बाहेर पडून, रस्ता ओलांडून आपण ओंकारेश्वराकडे जाऊ. मंदिराशेजारच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. फिरायला निघाले होते. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. भुतं बघायला आलेली मंडळी याच पुलावरून गाड्या नेतात. मी तिथे थांबते, आणि माझ्याबरोबर यायचं तर तुम्हालाही थांबावं लागेल. एरवी बडबड करणारी मुलंही तिथे हेडफोन काढतात.

रात्रीचंच हवं असेल तर कोरेगाव पार्कात त्या दिवशी भरपूर पार्ट्या असतात. तिथली हाडं प्लॅस्टिकची असतात आणि धूर मशीनचा, पण संगीत चांगलं असतं असं माझा भाचा सांगतो. वाड्याचं म्हणाल तर तिकीट क्यूआर कोडनेही काढता येतं, आत पिण्याच्या पाण्याचा भरवसा नाही म्हणून बाटली आणा, आणि टोपी विसरू नका. ऑक्टोबरचं ऊन आहे.