सॅव्हेजचा सेकंडहँड पूल

मेरीलँडात पाहुणे आले की एक दिवस डीसी, एक दिवस बाल्टिमोरचं मत्स्यालय, आणि तिसऱ्या दिवशी काय दाखवायचं हा प्रश्न पडतोच, तर माझं उत्तर ठरलेलं आहे, सॅव्हेज मिलचा लोखंडी पूल. पाहुणे आधी तोंड वाकडं करतात, करू देत.

लिटल पटक्सेंट नदीवर दोन गाळ्यांचा हा पूल आहे, लांबी जेमतेम 160 फूट. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने 1869 ला तो मेन लाइनवर भलतीकडेच बांधला होता, पण पुढे इंजिनं जड होत गेली, मग कंपनीने तो भंगारात न काढता खोलला आणि 1887 मध्ये इथे कापड गिरणीच्या साइडिंगवर, म्हणजे बाजूच्या फाट्यावर, आणून उभा केला. मेन लाइनवर राहिला असता तर कधीच गेला असता, कारण बोलमन ट्रस, म्हणजे तुळया आणि पट्ट्यांच्या या खास प्रकारच्या सांगाड्याचे, बाकी सगळे पूल संपले, जगात हा एकच शिल्लक आहे. साइडिंगवर बदली झाली म्हणून वाचला!

वेंडेल बोलमन हा कॉलेजबिलेज न केलेला माणूस, सुतारकामातून वर आलेला, आणि 1852 ला त्याने या डिझाइनचं पेटंट घेतलं. गंमत अशी की दाबाखाली येणारे भाग ओतीव लोखंडाचे, वरची तुळई तर अष्टकोनी आणि पोकळ, आणि ताण घेणाऱ्या पट्ट्या घडीव लोखंडाच्या. खालच्या प्रत्येक आडव्या तुळईला स्वतःच्या दोन पट्ट्या, एक या टोकाच्या खांबाच्या डोक्याला, दुसरी त्या टोकाच्या. त्यामुळे एखादी तुटली तरी अख्खा पूल बसत नाही. तोटा पण तिथेच, जोडीतल्या दोन पट्ट्यांची लांबी सारखी नसते, मग थंडी-उन्हात कमी-जास्त आखडतात आणि ताण परत परत जुळवत बसावं लागतं.

गिरणी 1947 ला बंद पडली, पूल मात्र राहिला. 1966 मध्ये अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनियरांच्या सोसायटीने ऐतिहासिक बांधकामांची यादी सुरू केली त्यात पहिलं नाव याचंच, आणि 1980च्या दशकात रीतसर दुरुस्तीही झाली. आता त्याच्यावरून लोक कुत्री फिरवतात.

आपला मुंबईचा कर्नाक पूल 1868 चा, म्हणजे याच्याच वयाचा, तो 2022 ला 27 तासांचा ब्लॉक घेऊन पाडला. धोकादायक झाला होता मान्य, रेल्वेचं कामही अडलं होतं, पण एखादा तुकडा कुठल्या बागेत उभा करायला काय हरकत होती, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

असो. जाल तेव्हा नुसते पुलावरून चालत पलीकडे जाऊ नका, काठावर उतरून बाजूने बघा, कुठली पट्टी कुठल्या तुळईची ते तिथूनच नीट कळतं. भूक लागली तर गिरणीतच खायची सोय आहे.